सिंहाच्या रक्तातला विषाणू आणि वेशीवरचे कुत्रे

गेल्या अंकात पाळीव मांजरांच्या लसीकरणाविषयी लिहिताना मी मार्जारकुळातील प्राण्यांची रोगप्रतिकारशक्ती पोखरणाऱ्या एका विषाणूचा ओझरता उल्लेख केला होता, आणि हा विषाणू आफ्रिकेतील जंगली सिंहांतही सर्रास आढळतो, असे एक वाक्य त्यात होते. त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या महिन्याचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला देत आहे. एकमेकांसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आम्ही उभयता गेल्या वर्षी टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान पाहून आलो. बाभळीसारख्या एका झाडाखाली बारा-तेरा सिंहांचा कळप पहुडलेला होता. गाडीच्या चालकाने सांगितले की, यातील जवळजवळ प्रत्येक मोठ्या सिंहाच्या अंगात एड्सचा विषाणू आहे. ते खरे मानावे का? आणि खरे असेल, तर तो त्यांना माणसाकडून मिळाला का?
— एक निवृत्त प्राध्यापिका, पुणे

उत्तर : चालकाने सांगितले ते बऱ्याच अंशी खरे आहे, फक्त विषाणूचे नाव दुरुस्त करायला हवे. सिंहांच्या अंगात असतो तो एफआयव्ही, म्हणजे मार्जारकुळातील प्राण्यांची प्रतिकारशक्ती दुबळी करणारा विषाणू. माणसांतील एचआयव्ही आणि हा एफआयव्ही एकाच गटातले आहेत. त्यांची रचना आणि पेशीत घुसून तिच्या जनुकांत स्वतःला ओवून घेण्याची पद्धत सारखी आहे, पण एक दुसऱ्यापासून अलीकडे उपजलेला नाही. त्यांना दूरचे चुलतभाऊ म्हणणे योग्य होईल. माणसाकडून सिंहाला किंवा सिंहाकडून माणसाला हा विषाणू जात नाही. पाळीव मांजरे बाळगणाऱ्या आणि त्यांचे चावे खाणाऱ्या असंख्य माणसांपैकी कोणाला त्याची लागण झाल्याचे आजवर दिसलेले नाही.

एफआयव्हीचा शोध 1986 साली कॅलिफोर्नियातील पेटालुमा या गावी लागला. तेथे एकत्र ठेवलेल्या मांजरांपैकी काही मांजरे वारंवार आजारी पडत होती, त्यांच्या हिरड्या सुजत होत्या, वजन घटत होते, साधी सर्दीही बरी होत नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकीय विभागातील नील्स पेडरसेन आणि जेनेट यामामोटो यांच्या गटाने त्यांच्या रक्तातून हा विषाणू वेगळा केला आणि 1987 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. एचआयव्हीचा शोध त्याआधी तीन-चार वर्षांपूर्वीच लागला होता, त्यामुळे या नव्या विषाणूकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. त्यानंतर प्राणिसंग्रहालयांतील आणि जंगलांतील सिंह, बिबटे, प्यूमा यांचे साठवून ठेवलेले रक्तनमुने तपासले गेले, तेव्हा कळले की, विषाणू नवा नव्हता, आपल्याला तो नव्याने दिसला होता. सिंहाचा स्वतःचा वेगळा प्रकार आहे, प्यूमाचा वेगळा आहे, आणि या प्रकारांमधील फरक पाहता ते त्या त्या प्राण्यांबरोबर फार दीर्घ काळ नांदत आले असावेत.

तो पसरतो मुख्यतः चाव्यातून, कारण लाळेत विषाणू असतो. सिंहाचे जीवन आठवून पाहा. शिकारीभोवती आठ-दहा तोंडे एकाच वेळी खुपसलेली असतात, एकमेकांवर गुरगुरणे आणि दात लागणे जेवणाइतकेच नित्याचे असते, आणि दुसऱ्या कळपावर ताबा मिळवण्यासाठी नर जीव खाऊन भांडतात. अशा प्राण्यात चाव्यातून जाणारा विषाणू न पसरता तरच नवल. त्यामुळे सेरेंगेटीतील छावा वयात येतो तोवर त्याला बहुधा लागण झालेली असते, आणि प्रौढांत तर लागण न झालेला सिंह शोधावा लागतो.

एक गोष्ट मात्र मुद्दाम सांगतो. हा विषाणू सर्व सिंहांत नाही. नामिबियातील एतोशा येथील सिंहांत आणि आपल्या गीरमधील सिंहांत तपासणीमध्ये तो आढळलेला नाही. गीरच्या सिंहांपुढे अनेक संकटे आहेत, पण हे एक संकट त्यांच्या वाट्याला आलेले नाही, याचे मला नेहमीच समाधान वाटते.

प्रश्न : मी पशुवैद्यकाचा विद्यार्थी आहे. यजमान आणि विषाणू दीर्घ काळ एकत्र राहिले की विषाणू सौम्य होतो, असे आम्हाला शिकवले जाते. सेरेंगेटीतील सगळेच सिंह लागण होऊनही जगत असतील, तर एफआयव्हीची चिंता करावी का?
— शिरवळ

उत्तर : तुम्ही विचारलेल्या प्रश्नावर संशोधकांचे गेली तीस वर्षे एकमत झालेले नाही, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सेरेंगेटीतील सिंहांचा अभ्यास 1966 पासून अखंड चालू आहे. तेथे चेहऱ्यावरील मिशांच्या मुळाशी असलेल्या ठिपक्यांवरून प्रत्येक सिंह ओळखला जातो आणि त्याच्या जन्मापासून मरणापर्यंतची नोंद ठेवली जाते. एवढ्या नोंदी हाताशी असूनही एफआयव्हीमुळे सिंह लवकर मरतात, असे तेथे दाखवता आले नाही. पण यात एक अडचण आहे. जेथे जवळजवळ सर्वांनाच लागण झालेली आहे, तेथे लागण न झालेल्यांशी तुलना करणार कशी? निरोगी गटच हाती नसेल, तर विषाणूने किती आयुष्य खाल्ले, हे मोजण्याचे मापच राहत नाही.

बोट्स्वानातील सिंहांत लागण झालेले आणि न झालेले असे दोन्ही प्रकारचे सिंह मिळाले, आणि तेथील तुलना अधिक बोलकी ठरली. मेलडी रोल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लागण झालेल्या सिंहांमध्ये सीडी 4 पेशी कमी झालेल्या दिसल्या. प्रतिकारशक्तीच्या इतर पेशींना कामाला लावणाऱ्या याच पेशी, आणि माणसांत एचआयव्ही त्यांचाच ऱ्हास घडवून आणतो. शिवाय लसिकाग्रंथी सुजलेल्या, तोंडात आणि हिरड्यांत दाह, वजन कमी, अशीही लक्षणे त्यांच्यात आढळली. तेव्हा सिंहाचा एफआयव्ही निरुपद्रवी आहे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. तो घरातल्या वाळवीसारखा आहे, असे फार तर म्हणता येईल. नेहमीचे दिवस असतील तर घर उभे राहते, पण वादळ आले की कोणती तुळई आतून पोकळ होती, ते कळते.

सेरेंगेटीत असे वादळ 1994 मध्ये आले, ते डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथीचे. तिची हकिकत पुढच्या उत्तरात येईल. सिंहांच्या एफआयव्हीचे अनेक उपप्रकार आहेत आणि त्यांपैकी अ, ब आणि क हे तीन सेरेंगेटीत आढळतात. त्या वर्षीच्या साथीत कोण वाचले आणि कोण मेले, याचा नंतर पडताळा घेतला असता, ज्यांच्या अंगात अ किंवा क उपप्रकार होता त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण ब उपप्रकाराच्या मानाने अधिक असल्याचे दिसले. यावरून कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे समजू नका, पण तुमच्या पाठ्यपुस्तकातील सर्वसाधारण नियमाला हा एक महत्त्वाचा अपवाद असू शकतो, एवढे वहीत लिहून ठेवा.

प्रश्न : 1994 मध्ये सेरेंगेटीत कुत्र्यांच्या रोगाने सिंह मेले, असे वाचले. मांजराच्या जातीच्या प्राण्याला कुत्र्याचा रोग होतो, हे पटत नाही. नेमके काय झाले होते?
— नाशिक

उत्तर : आपल्यासारखाच त्या काळी पशुवैद्यकांचाही समज होता. कुत्र्यांचा डिस्टेंपर मार्जारकुळाला बाधत नाही, असे तोवर मानले जात असे. 1990 च्या आसपास अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत काही वाघ, सिंह आणि बिबटे त्याने मेले, तेव्हा या समजाला पहिला तडा गेला, आणि सेरेंगेटीने तो पूर्ण मोडीत काढला.

1994 च्या आरंभी तेथील पर्यटकांना आणि अभ्यासकांना झटके येणारे सिंह दिसू लागले. पूर्ण वाढलेला, आयाळ असलेला नर उभ्याउभ्या कोसळतो, पाय झाडतो, जबडा आपोआप चावत राहतो आणि तोंडाला फेस येतो. झटका ओसरल्यावर तो उठतो, पण त्याच्या डोळ्यांत ओळख राहिलेली नसते. काहींच्या चेहऱ्याचे आणि पायांचे स्नायू अखंड फडफडत असत. मी स्वतः सिंह असा पाहिलेला नाही, पण डिस्टेंपर झालेले गावठी पिल्लू अनेकदा पाहिले आहे. नाकावर पिवळट खपली धरलेली, डोळे चिकटलेले, आणि काही न खाताही च्युइंग गम चघळल्यासारखा जबडा हलत असलेला. ते दृश्य दीडशे किलोच्या प्राण्यात कसे दिसत असेल, याची कल्पनाही नकोशी वाटते. काही महिन्यांत सेरेंगेटीतील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे अंदाजे एक हजार सिंह नाहीसे झाले. साथ उत्तरेकडे केनियातील मसाई मारापर्यंत पोहोचली, आणि तरस, कोल्हे, वटवाघळासारखे कान असलेले खोकड असे इतर प्राणीही तिच्यात सापडले. उद्यानाच्या भोवतालच्या वस्त्यांत त्या वेळी अंदाजे तीस हजार कुत्री होती, आणि लस जवळजवळ कोणालाच टोचलेली नव्हती.

आता आपल्या शंकेकडे येतो. डिस्टेंपरचा विषाणू गोवराच्या विषाणूचा आणि गुरांतील बुळकांडीच्या विषाणूचा सख्खा नातलग आहे. तिघांचीही पहिली धाड लसिका पेशींवर, म्हणजे शरीराच्या पहारेकऱ्यांवरच पडते. गोवर येऊन गेलेले मूल पुढे कित्येक महिने दुसऱ्या आजारांना सहज बळी पडते, ते याचमुळे. ज्या दारातून विषाणू या पेशींत शिरतो, ते दार कुत्रा आणि सिंह या दोघांतही बऱ्यापैकी सारखे आहे, म्हणून जातीची सीमा त्याला अडवत नाही. तेव्हा एफआयव्ही हा जर प्रतिकारशक्तीला हळूहळू पोखरणारा विषाणू असेल, तर डिस्टेंपर हा तिच्यावर एकाच घावात कुऱ्हाड घालणारा आहे.

तरीही या कहाणीतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. सिंहांचे साठवलेले जुने रक्तनमुने तपासले असता असे निघाले की, डिस्टेंपर 1994 च्या आधी आणि नंतरही सेरेंगेटीतील सिंहांत अनेकदा येऊन गेला होता. रक्तात प्रतिपिंडे, म्हणजे शरीर त्या विषाणूशी लढल्याच्या खुणा, सापडली, पण त्या वर्षांत सिंह मेल्याची नोंद नव्हती. म्हणजे विषाणू आला, कळपांतून फिरला आणि कोणाच्या लक्षातही न येता निघून गेला. मग 1994 मध्येच असे काय वेगळे होते?

लिंडा मन्सन यांच्या गटाने 2008 मध्ये याचे जे उत्तर मांडले, ते वाचताना मला विदर्भातल्या दुष्काळाची आठवण झाली. 1993 मध्ये सेरेंगेटीत मोठा दुष्काळ पडला. गवत संपले, रानम्हशी अस्थिपंजर झाल्या, आणि उपासमारीने दुबळ्या झालेल्या त्या अंगांवर गोचिडांची दाटी झाली. पुढे पाऊस पडल्यावर म्हशी मोठ्या संख्येने मरू लागल्या. सिंहांना अशी आयती शिकार वारंवार मिळत नाही, म्हणून ते पोटभर म्हशी खात राहिले, आणि म्हशींच्या अंगावरील गोचिडी त्यांच्या अंगावर चढल्या. या गोचिडींतून बॅबेसिया नावाचा एकपेशीय परजीवी सिंहांच्या रक्तात जातो आणि तांबड्या पेशी फोडतो. आपल्याकडे संकरित गाईची लघवी अचानक लालसर काळी होते आणि गाय चारा सोडते, तेव्हा डॉक्टर ज्या रोगाचे नाव घेतात, तोच हा. सिंहांत तो एरवीही थोड्या प्रमाणात असतो आणि त्यांचे शरीर त्याला लगाम घालून ठेवते. परंतु त्या वर्षी परजीवींचा भार भलताच वाढलेला असताना वरून डिस्टेंपर आला, त्याने पहारेकरीच कापून टाकले, आणि लगाम सुटलेल्या बॅबेसियाने रक्ताचे पाणी केले. ज्या कळपांत परजीवींचे प्रमाण कमी होते, त्यांत मृत्यूही कमी झाले. 2001 मध्ये शेजारच्या न्गोरोंगोरो विवरातही दुष्काळ, म्हशींचे मृत्यू, गोचिडी आणि डिस्टेंपर हीच साखळी पुन्हा दिसली.

म्हणून ‘सिंह कशाने मेले’ या प्रश्नाला ‘विषाणूने’ एवढेच उत्तर देणे मला अपुरे वाटते. विषाणू होताच, पण त्याला साथ होती पावसाची, गवताची, गोचिडींची आणि वस्तीवरच्या कुत्र्यांची. हवामान जसजसे अधिक लहरी होईल तसतशा अशा गाठी अधिक वेळा पडतील, ही माझी खरी काळजी आहे.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण ते याच मातीतले आहे. बुळकांडीचे नाव आजच्या तरुण शेतकऱ्याला कदाचित ठाऊक नसेल, पण त्यांच्या आजोबांना विचारावे. एकेकाळी या रोगाने गोठेच्या गोठे ओस पाडले. आफ्रिकेतही 1890 च्या दशकात त्याने गुरांबरोबर रानम्हशींचा आणि न्यू या हरणासारख्या प्राण्यांचा संहार केला. पुढे सेरेंगेटीभोवतीच्या गुरांना नेटाने लस टोचली गेली, आणि 1960 च्या दशकात उद्यानातील न्यू प्राण्यांतूनही रोग नाहीसा झाला. त्यांतल्या एकाही प्राण्याला सुई लावावी लागली नव्हती. अडीच लाखांच्या आसपास असलेली त्यांची संख्या 1970 च्या दशकाच्या अखेरीस तेरा लाखांच्या घरात गेली. 2011 मध्ये बुळकांडी जगातून कायमची हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. गावातल्या जनावराला टोचलेली लस जंगलातल्या जनावराचा जीव वाचवते, याचा याहून मोठा पुरावा माझ्या माहितीत नाही.

प्रश्न : गीरमध्ये 2018 साली सिंह मेले, तेव्हा आम्ही राजकोटलाच होतो. आधी आपसांतील भांडणे, मग विषाणू, मग गोचिडी अशी कारणे एकामागून एक ऐकू आली. खरे कारण कोणते? आणि गीरचे सिंह दुसरीकडे नेण्याचे पुढे काय झाले?
— एक मराठी कुटुंब, राजकोट

उत्तर : सेरेंगेटीची हकिकत वाचल्यावर आपल्या लक्षात आले असेल की, ऐकू आलेली शेवटची दोन कारणे एकमेकांच्या विरोधात नाहीत. 2018 च्या सप्टेंबरमध्ये आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत गीर पूर्व विभागातील दलखाणिया परिक्षेत्रात तीन आठवड्यांच्या आत 23 सिंह मेले. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुन्यांतून कुत्र्यांच्या डिस्टेंपरचा विषाणू असल्याचे निश्चित केले, आणि काही सिंहांत गोचिडींतून येणारा बॅबेसियाही आढळला. तीच जोडी, दुसरे जंगल. वनविभागाने त्या भागातील सिंह पकडून वेगळे ठेवले, अमेरिकेहून लसीच्या सुमारे 300 मात्रा तातडीने आणवल्या, आणि साथ त्या टापूच्या बाहेर गेली नाही. ज्यांनी त्या दिवसांत गीरमध्ये रात्रंदिवस काम केले, त्या वनरक्षकांचे आणि पशुवैद्यकांचे ऋण मी मनापासून मानतो.

गीरमध्ये सिंह आणि कुत्रा कोठे भेटतात, हे आपण सौराष्ट्रात राहत असल्यामुळे पाहिलेच असेल. गावाबाहेर मेलेले जनावर टाकले जाते. रात्री सिंह येऊन खातो, पहाटे उरलेल्यावर कुत्री तुटून पडतात, आणि कधी क्रम उलटा असतो. त्याच मांसाला दोघांची लाळ आणि नाकाचा स्राव लागतो. याखेरीज सिंह कुत्र्याला मारतो, क्वचित खातोही.

दुसऱ्या प्रश्नाबाबत माझे मत स्पष्ट आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2013 मध्ये काही सिंह मध्य प्रदेशातील कुनो येथे नेण्याचा आदेश दिला, आणि तज्ज्ञांनी पुढे केलेल्या कारणांत साथीच्या रोगाची भीती हे एक प्रमुख कारण होते. पाच वर्षांनी ती भीती खरी ठरली. सिंह मात्र कुनोला गेले नाहीत, तेथे सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियाहून चित्ते आले. दरम्यान गीरच्या सिंहांची संख्या 2015 मधील 523 वरून 2020 मध्ये 674 आणि 2025 मध्ये 891 झाली, ते सौराष्ट्रभर पसरले, आणि 2023 मध्ये एक नर स्वतःहून पोरबंदरजवळच्या बरडा अभयारण्यात पोहोचला. ही वाढ आनंदाची आहे आणि गुजरातच्या लोकांनी सिंहांबरोबर राहण्याचा जो समंजसपणा दाखवला, त्याला तोड नाही. परंतु हे सारे सिंह एका लहानशा उरलेल्या टोळीचे वंशज आहेत, त्यांच्यात जनुकीय विविधता फार कमी आहे, आणि ते एकमेकांपर्यंत चालत पोहोचू शकतात. ज्या वाटेने सिंह बरड्याला जातो, त्या वाटेने विषाणूही जाऊ शकतो. शेकडो किलोमीटर दूर, मध्ये न ओलांडता येणारे अंतर असलेले दुसरे घर या सिंहांना हवे, असे मला 2018 मध्येही वाटत होते आणि आजही वाटते.

प्रश्न : लस उपलब्ध आहे, तर मेळघाट आणि ताडोबातील सर्व वाघांना ती एकदाच का टोचत नाहीत?
— अमरावती

उत्तर : कारण प्रत्येक वाघाला शोधणे, भुलीचे इंजेक्शन बंदुकीने मारणे आणि पुन्हा काही आठवड्यांनी तेच करणे यात वाघाच्या जिवाला धोका असतो, आणि सर्वच वाघ हाती लागतील असेही नाही. शिवाय कुत्र्यांसाठी वापरली जाणारी डिस्टेंपरची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते, आणि काही वन्य प्राण्यांत तिनेच रोग झाल्याची उदाहरणे आहेत. गीरमध्ये वापरलेली लस वेगळ्या पद्धतीने तयार केलेली, त्या दृष्टीने सुरक्षित आणि म्हणूनच महाग व दुर्मीळ होती.

असे असले तरी वाघाला लस कधीच देऊ नये, असे माझे म्हणणे नाही. रशियाच्या अतिपूर्वेकडील अमूर वाघांचे उदाहरण पाहा. 2003 मध्ये पोक्रोव्का नावाच्या खेड्यात एक वाघीण माणसांची भीडभाड न बाळगता शिरली. तिला पकडण्यात आले आणि काही आठवड्यांनी ती मेली. कारण पुढे कळले, ते डिस्टेंपर. सिखोते-अलिन अभयारण्यात 2007 मध्ये 38 वाघ होते, ते 2012 पर्यंत 9 उरले, आणि त्या काळात मेलेल्या वाघांपैकी काहींत हाच विषाणू सापडला. तेथे कुत्र्यांकडे बोट दाखवले जात होते, पण विषाणूच्या वंशावळीचा आणि प्राण्यांच्या रक्ताचा अभ्यास केल्यावर असे दिसले की, त्या विरळ वस्तीच्या अरण्यात तो प्रामुख्याने इतर वन्य मांसाहारी प्राण्यांत टिकून आहे. अशा ठिकाणी कुत्र्यांना लस टोचून भागणार नाही. म्हणून 2020 मध्ये अभ्यासकांनी सुचवले की, इतर कारणांसाठी पकडल्या जाणाऱ्या मोजक्या वाघांना दरवर्षी लस दिली, तरी लहानशा वाघसमूहाच्या नामशेष होण्याचा धोका बराच घटतो.

सेरेंगेटीतही कुत्र्यांचे लसीकरण 1996 पासून चालू आहे, त्याने कुत्र्यांतील रोग कमी झाला, पण सिंहांपर्यंत विषाणू अधूनमधून पोहोचतच राहिला, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. महाराष्ट्राची परिस्थिती मात्र अमूरच्या अगदी उलट आहे. आपली जंगले गावांनी वेढलेली आहेत. सोलापूरजवळच्या नान्नज येथील माळढोक अभयारण्याच्या परिसरात गावठी कुत्र्यांचे रक्त तपासले गेले, तेव्हा बहुतेकांत डिस्टेंपर येऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या, आणि हा विषाणू तेथील खोकडांतही पोहोचल्याचे दिसले. आपल्याकडे सुरुवात कुत्र्यापासूनच करावी लागेल.

प्रश्न : माझ्या सात वर्षांच्या बोक्याला एफआयव्ही असल्याचे तपासणीत निघाले. घरात लहान मुले आहेत. त्याला सोडून द्यावे, असे शेजारी सांगतात.
— ठाणे

उत्तर : कृपा करून त्याला सोडू नका. मुलांना त्याच्यापासून एफआयव्हीचा काहीही धोका नाही. बाहेर सोडलेला बोका भांडेल आणि दुसऱ्या मांजरांना चावून लागण देईल, आणि स्वतःही दुसऱ्या आजारांना बळी पडेल. त्याचे खच्चीकरण झाले नसेल तर करून घ्या, घरातच ठेवा, कच्चे मांस देऊ नका, दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना दात आणि हिरड्या दाखवत जा. अशी मांजरे अनेक वर्षे सुखाने जगतात.

प्रश्न : आमचे गाव ताडोबाच्या बफरमध्ये आहे. माझ्याकडे शेतराखणीसाठी दोन कुत्रे आणि एक नवे पिल्लू आहे. मागच्या उन्हाळ्यात एक कुत्रा बिबट्याने नेला. रेबीजची सुई शिबिरात मोफत मिळाली. तेवढी पुरे का?
— चंद्रपूर जिल्हा

उत्तर : नाही, भाऊ, तेवढी पुरेशी नाही, आणि तुम्ही हा प्रश्न विचारलात याबद्दल मी तुमचा आभारी आहे. रेबीजची लस रेबीजपुरतीच असते. डिस्टेंपरसाठी वेगळी एकत्रित लस मिळते, तिच्यात पार्वो आणि इतर एक-दोन रोगांचाही समावेश असतो. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात ती बहुधा विकत आणून द्यावी लागते, आणि बर्फात ठेवून आणावी लागते, नाहीतर चंद्रपूरच्या उन्हात तिचे पाणी होते. बफरमधील गावांसाठी ती रेबीजच्या लसीबरोबर मोफत मिळायला हवी, ही मागणी मी या सदरातून पूर्वीही केली आहे आणि पुन्हा करतो. ग्रामसभेत तुम्हीही ती मांडा.

बिबट्याने कुत्रा नेणे ही तुमच्याकडची एकट्याची गोष्ट नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा, वजनाने सुमारे 39 टक्के, पाळीव आणि गावठी कुत्र्यांचा निघाला. म्हणजे तुमच्या अंगणातला आजारी कुत्रा त्याच रात्री बिबट्याच्या पोटात असू शकतो.

पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे झाले की पहिली सुई द्या, त्यानंतर दर तीन ते चार आठवड्यांनी ते चार महिन्यांचे होईपर्यंत पुन्हा द्या. ही शेवटची सुई चुकवू नका, कारण आईच्या दुधातून मिळालेले संरक्षण ओसरण्यापूर्वी दिलेल्या सुया अनेकदा वाया जातात. मोठ्या दोन्ही कुत्र्यांना आता दोन मात्रा आणि मग दरवर्षी एक. कुत्र्यांच्या अंगावरच्या गोचिडी आठवड्यातून एकदा कान आणि बोटांच्या बेचक्यांत हात घालून पाहा. रात्री त्यांना शेतात मोकळे न सोडता गोठ्याच्या बंद बाजूला ठेवा. आणि एखाद्या कुत्र्याच्या नाकाला घट्ट शेंबूड, डोळ्यांना चिपडे आणि अंगाला झटके दिसले, तर त्याला त्याच दिवशी बांधून वेगळा ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा. तो मेला, तर जंगलाच्या बाजूला किंवा नाल्यात टाकू नका. कोल्हा किंवा रानडुक्कर उकरू शकणार नाही इतक्या खोल खड्ड्यात, चुना टाकून पुरा, आणि परिक्षेत्रातील वनरक्षकाला एक फोन करून कळवा.